कुंपणाच्या दोन्ही बाजू

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेताला कुंपण असावे, घराला आवार असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. गुराढोरांपासून पिकाचे आणि चोराचिलटांपासून घराचे रक्षण करण्याचे ते साधन होय. कोकणातील दगडी गडगा, देशावरील बाभळीच्या काट्यांची वई, माळरानावरील घायपात, निवडुंग व शेराची जिवंत कुंपणे यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाला एक ओळखीचे रूप दिले आहे.

परंतु प्रत्येक कुंपणाला दोन बाजू असतात. आतली बाजू मालकाची असते. बाहेरची शेजाऱ्याची, वाटसरूची आणि शाळेला निघालेल्या मुलांची असते. कुंपणच शेत खाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. गावोगावचा अनुभव पाहता असेही म्हणावे लागेल की, अविचाराने घातलेले कुंपण स्वतःचे शेत राखते, पण शेजाऱ्याची वाट, ओघळीचे पाणी आणि रस्त्याचे वळण खाते. या विषयावरील कायदेकानूंचा हेतू कुंपणास मनाई करण्याचा नसून बाहेरच्या बाजूची काळजी घेण्याचा आहे.

हद्द आधी, कुंपण नंतर

पहिला प्रश्न कुंपण कोठे घालावे हा होय. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात जमीन मोजणी व आकारणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यातून सर्व्हे नंबर आणि त्यांच्या कायम हद्दी ही व्यवस्था मुंबई इलाख्यात रूढ झाली. आज हा विषय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या सीमा व सीमाचिन्हांविषयीच्या प्रकरणात येतो. आपल्या जमिनीची सीमाचिन्हे सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी या अधिनियमाने जमीनधारकावरच टाकली आहे. चिन्हे नष्ट करणे हा दंडनीय अपराध आहे.

तरीही बांध नाहीसे होतात. ते एका रात्रीत होत नाहीत. दर नांगरटीला एकेक तास सरकत जातो आणि दहा-पंधरा वर्षांनी बांधाची जागा दोघांच्याही स्मरणातून पुसली जाते. नंतर एके दिवशी त्यातील एक जण सिमेंटचे खांब रोवून तार ओढतो, आणि आजवर मुका असलेला वाद उघड होतो. अशा वेळी दोन्ही पक्ष सातबाराचा उतारा पुढे करतात. उताऱ्यावर क्षेत्र असते. जमिनीचा आकार मात्र नकाशात असतो. म्हणून हद्दीविषयी थोडीही शंका असल्यास खांब रोवण्यापूर्वी भूमि अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. गावठाणातील घरांच्या जागांना पूर्वी बहुतेक ठिकाणी असा नकाशाच नव्हता. ती उणीव दूर करण्यासाठी २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने मोजणी हाती घेण्यात आली.

वाट आणि पाणी

असे समजू या की, दोन भावांत वाटणी झाली. थोरल्याला रस्त्यालगतचे शेत आले, धाकट्याला मागचे. वडिलांच्या काळापासून बैलगाडी थोरल्याच्या बांधाने जात असे. वाटणीपत्रात त्या वाटेचा उल्लेख करण्याचे कोणाला सुचले नाही. काही वर्षांनी थोरल्याने तार घातली. ऐन पेरणीच्या तोंडावर धाकट्याचे बी-बियाणे आणि खत रस्त्यावर अडकले. त्याला मिळालेली जमीन कागदावर तेवढीच राहिली, पण तीत पाय ठेवण्यास जागा उरली नाही.

अशा प्रसंगी कायद्यात दोन वेगवेगळे मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. वहिवाटीची वाट कोणी अडविली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत ती मागावी लागते. ‘आज ना उद्या भाऊ ऐकेल’ या आशेवर पावसाळा आणि हिवाळा घालविणाऱ्याची ही मुदत हातची जाते. याउलट, शेताला जाण्यास वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली इतर सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून वाट मागता येते. ही वाट बांधाच्या कडेने दिली जाते, कोणाचे शेत मधोमध चिरून नव्हे. तहसीलदारांचा निर्णय मान्य नसल्यास १ वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

पाण्याचेही तसेच आहे. पावसाचे पाणी उताराने वाहते; ते मालकी पाहत नाही. पायथ्याशी मोरी न ठेवता बांधलेली पक्की भिंत वरच्या शेतात तळे करते. शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक ओघाला असा विनापरवाना अडथळा करून नुकसान होत असेल, तर १९०६ च्या त्याच अधिनियमाखाली तो दूर करविता येतो.

भिंतीची उंची आणि रस्त्याचे वळण

वस्तीतील आवारभिंतीच्या बाबतीत उंचीचा प्रश्न येतो. राष्ट्रीय इमारत संहितेने त्याचे प्रमाण घालून दिले आहे. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजता भिंत सर्वसाधारणपणे १.५ मीटरपेक्षा उंच नसावी, वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा वा गजांचा असेल तर ती २.४ मीटरपर्यंत नेता येते. कोपऱ्यावरच्या भूखंडास छेदरस्त्यापासून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच ठेवावी, वरचा भाग खुला असावा, असे ही संहिता सांगते. प्रत्यक्ष बांधकामासाठी त्या त्या क्षेत्रातील विकास नियंत्रण नियमावली लागू असते, म्हणून पाया खणण्यापूर्वी परवानगी देणाऱ्या कार्यालयात चौकशी करणे अगत्याचे आहे.

या ०.७५ मीटरचा अर्थ शिक्षकांना सहज उमगेल. एवढ्या उंचीच्या भिंतीपलीकडून चालत येणारे शाळकरी मूल वाहनचालकाला दिसते. पुरुषभर भिंत असेल तर ते मूल वळणावर आल्यावरच दिसते. नियमातील एका आकड्यावर मुलांचे जीव अवलंबून असतात, ते असे.

रानडुकरांच्या त्रासाने गांजलेले काही शेतकरी तारेत थेट घरगुती वीज सोडतात. त्यांची हतबलता खरी असली तरी हा उपाय प्राणघातक आहे. अंधारात पाणी द्यायला निघालेला शेजारी, क्वचित घरातलाच माणूस, त्याला बळी पडतो आणि मालकावर फौजदारी खटला उभा राहतो. ठरावीक अंतराने सौम्य झटका देणारे प्रमाणित सौर कुंपण ही निराळी गोष्ट आहे. त्या दोहोंत गल्लत करू नये.

पंचायतीचे काम

सार्वजनिक रस्त्यावर वा मोकळ्या जागेत कोणी भिंत, कुंपण, ओटा वा पायरी पुढे आणली असेल तर ती हटविण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीस दिला आहे. परंतु या अधिकाराचे तेज सदस्याच्या स्वतःच्या दारापासून सुरू होते. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती सदस्यपदास अपात्र ठरते. कुटुंबीयाने केलेल्या अतिक्रमणाचा उपभोग घेणाऱ्या सदस्यासही ही अपात्रता लागू होते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

याहून मोठे काम अधिकाराशिवायही होण्यासारखे आहे. गावात कोणी कुंपण घालणार असल्याचे कळताच दोन्ही शेजाऱ्यांना घेऊन जागेवर जावे, आणि चार प्रश्न विचारावेत. हद्द नक्की आहे काय? कोणाची वाट अडते काय? पाणी कोठून जाईल? वळणावरचे दिसेल काय? ठरले ते चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. खांब रोवण्यापूर्वी बांधावर घालविलेला एक तास पुढील कित्येक वर्षांच्या कचेरीच्या खेपा वाचवितो. जमीन तीच राहते, बांधही तोच राहतो. परंतु पेरणीच्या दिवशी धाकट्याची गाडी अडत नाही, आणि दोन्ही भावांच्या घरचे येणेजाणे टिकून राहते.