व्यसनप्रतिबंध : सदिच्छा आणि पुरावा



२६ जून हा दिवस जगभर अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९८७ साली तसा ठराव केला. त्या दिवशी शाळाशाळांतून प्रभातफेरी निघते, भित्तिचित्रांची स्पर्धा होते, एखादे पोलीस अधिकारी वा डॉक्टर पाहुणे म्हणून येतात, काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवितात, मुले हात पुढे करून शपथ घेतात आणि खाऊ वाटून कार्यक्रमाची सांगता होते. यामागील तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की हीच मुले सोळा-सतरा वर्षांची होतात, तेव्हा तंबाखूला, मद्याला वा त्याहून घातक पदार्थाला हात लावणाऱ्यांची संख्या या कार्यक्रमामुळे एकाने तरी घटलेली असते काय? गेल्या चाळीस वर्षांत काही अभ्यासकांनी हा प्रश्न चिकाटीने लावून धरला. त्यांना मिळालेले उत्तर सुखद नाही.

मराठी वाचकाला व्यसनाचा विषय परिचित आहे तो मुख्यतः उपचाराच्या बाजूने. डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले आणि अवचटांच्या लेखनाने गर्दची भीषणता सुशिक्षित घरांपर्यंत पोहोचविली. उपचाराचे यश डोळ्यांना दिसते; पडलेला माणूस उठतो, कामाला लागतो, घरी परततो. प्रतिबंधाचे यश तसे दिसत नाही. जे मूल व्यसनाकडे वळलेच नाही, ते कशामुळे वळले नाही, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. पुष्कळशी मुले कोणी काहीही न सांगताही त्या वाटेला जात नाहीत. म्हणून येथे तुलनेवाचून गत्यंतर नाही. साधारण सारख्या शाळा निवडावयाच्या, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडावयाचे, एका गटात कार्यक्रम राबवावयाचा, दुसऱ्यात नाही, आणि काही काळाने दोन्ही गटांतील मुलांची स्थिती ताडून पाहावयाची. ‘पुराव्यावर आधारलेला कार्यक्रम’ या भारदस्त शब्दांचा अर्थ मुळात इतका साधा आहे.

या कसोटीला उतरण्याची वेळ एका अतिशय लोकप्रिय कार्यक्रमावर आली. १९८३ साली लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी तेथील शालेय मंडळाच्या सहकार्याने ‘डेअर’ नावाचा उपक्रम सुरू केला. गणवेशातील पोलीस अधिकारी प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षातील मुलांपुढे आठवड्यास एक याप्रमाणे सतरा पाठ घेई. अमली पदार्थांची माहिती, मित्रांच्या आग्रहाला नकार देण्याचा सराव, शेवटी समारंभ आणि प्रमाणपत्र. पालक समाधानी, पोलीस समाधानी, लोकप्रतिनिधी तर विशेष समाधानी. पाहता पाहता अमेरिकेतील सुमारे तीन चतुर्थांश शालेय विभागांत हा उपक्रम पोहोचला. १९९४ साली अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा अमली पदार्थांच्या प्रत्यक्ष सेवनावर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य आढळला. १९९९ साली केंटकी राज्यातील हजारावर मुलांचा दहा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. आता ती वीस वर्षांची झाली होती. ‘डेअर’चे पाठ घेतलेल्या आणि न घेतलेल्या तरुणांत सेवनाच्या दृष्टीने फरक नव्हता. पाठ संपताच मुलांच्या मतांत जो चांगला बदल दिसला होता, तोही विरून गेला होता. २००३ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही असाच निर्वाळा दिला. अखेर २००९ साली संचालकांनी जुना पाठ्यक्रम मोडीत काढून दुसरा स्वीकारला. संस्थेने आपली चूक मान्य करावयास पंचवीस वर्षे घेतली, असे म्हणता येईल. परंतु ती मान्य केली, हेही लहान नव्हे.

निष्फळतेने निदान नुकसान तरी होत नाही, अशी समजूत असेल, तर न्यू जर्सीतील रॉवे येथील तुरुंगाचा अनुभव लक्षात घ्यावा. तेथे वाट चुकू पाहणाऱ्या मुलांना जन्मठेपेच्या कैद्यांपुढे बसवीत. कैदी आरडाओरडा करून त्यांना तुरुंगातील जीवनाचे भयंकर चित्र ऐकवीत. या प्रयोगावरील १९७८ च्या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि त्याचे अनुकरण जागोजागी झाले. पुढे अशा उपक्रमांच्या नऊ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. घाबरविलेली मुले न घाबरविलेल्या मुलांपेक्षा अधिक गुन्हे करतात, असे त्यांतून निघाले.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ साली प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले व २०१८ साली त्यांची सुधारित आवृत्ती काढली. शाळांतून ज्या पद्धतींचा उपयोग होत नाही किंवा क्वचित अपाय होतो, त्यांची नोंद त्यात आहे : केवळ व्याख्यान देणे, केवळ माहिती देणे व त्यातही भीती घालणे, नीतीचे धडे, पोलिसांकरवी पाठ घेणे, व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीचे अनुभवकथन. २६ जूनची कार्यक्रमपत्रिकाच जणू समोर ठेवून ही नोंद केली असावी. (व्याख्यानाचा समावेश पहिल्याच स्थानी व्हावा, याची आजच्या प्रसंगी जाणीव असलेली बरी.) शेवटची बाब काहींना खटकेल. बरा झालेला व्यसनी दुसऱ्या व्यसनी माणसाला जो आधार देतो, तो अमोल आहे, आणि उपचारकेंद्रात त्याची जागा निर्विवाद आहे. परंतु बारा वर्षांच्या मुलासमोर तोच माणूस उभा राहतो, तेव्हा मुलाच्या मनात काय उमटते? व्यासपीठावर धडधाकट, सन्मानित असा एक माणूस उभा आहे, आणि तो सारे काही करून सुखरूप परतला आहे.

मग उपयोग कशाचा होतो? येथे गोष्ट चमत्कारिक वळण घेते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील चौथीच्या एका शिक्षिकेने दोन संशोधकांच्या साहाय्याने वर्गातील गोंधळ आवरण्यासाठी एक खेळ बसविला. १९६९ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. वर्गाचे गट पाडावयाचे. नियम अगदी सोपे : शांतपणे काम करणे, परवानगीवाचून जागा न सोडणे, एकमेकांशी सौजन्याने वागणे. नियम मोडला की त्या गटाच्या नावापुढे फळ्यावर एक खूण. ठरावीक संख्येच्या आत खुणा राहिल्या तर तो गट जिंकला. सगळेच गट जिंकले तरी हरकत नाही. १९८५-८६ साली डॉ. शेपर्ड केलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर शहरातील १९ शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गांतून हा खेळ खेळविला. आधी दहा मिनिटे, आठवड्यातून तीनदा. पुढे अधिक वेळ, आणि मुलांना पूर्वसूचना न देता. अमली पदार्थांचे नावही कोणी काढले नाही. हीच मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठले, तेव्हा नेहमीच्या वर्गांतून गेलेल्या तरुणांपैकी ३८ टक्क्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा अमली पदार्थांच्या व्यसनाचा विकार जडलेला होता. खेळ खेळलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. मुलींच्या बाबतीत असा फरक दिसला नाही, आणि हेही तितक्याच स्पष्टपणे छापण्यात आले. सहा वर्षांच्या उनाड मुलाला स्वतःला आवरण्याचा सराव मिळाला, वर्गात त्याची गणना ‘वाया गेलेल्यां’त झाली नाही, आणि त्याचे फळ चौदा वर्षांनी दिसले.

परंतु पुढच्याच वर्षी नव्या मुलांवर तोच खेळ पुन्हा खेळविला, तेव्हा परिणाम फिका पडला. खेळ तोच होता. शिक्षकांना वर्षभर मिळणारे मार्गदर्शन व देखरेख मात्र त्या वर्षी कमी झाली होती.

ही परदेशी उदाहरणे आपल्या परिस्थितीला कितपत लागू, अशी शंका रास्त आहे. तिचे उत्तर येथेच शोधण्यात आले आहे. २००४ ते २००६ या काळात दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांत ‘मैत्री’ हा तंबाखूप्रतिबंधाचा प्रयोग झाला. सहावी व आठवीचे १४ हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. प्रारंभीच्या पाहणीनेच सर्वांना चकित केले. आठवीतील मुलांपेक्षा सहावीतील मुलांत तंबाखूचा वापर जास्त होता! वय वाढेल तसे सेवन वाढते, हा जगभरचा ठोकताळा येथे उलटा पडला. प्रयोगात मुलांनीच निवडलेले सवंगडी छोट्या गटांत चर्चा घडवीत, घरी पालकांसाठी पत्रे जात, पुढाकार मोठ्यांकडे नसे. दोन वर्षांनी तुलनेच्या शाळांत तंबाखूसेवन ६८ टक्क्यांनी वाढले होते, प्रयोगाच्या शाळांत १७ टक्क्यांनी घटले होते.

दुसरा प्रयोग अधिक बोधक आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम ७४ सरकारी शाळांतील नववीच्या वर्गांवर पारखला. भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकावयाची पेटी, प्रार्थनेच्या वेळी चर्चा, अभ्यास कसा करावा याच्या कार्यशाळा, अडचणीतील मुलाशी एकांतात बोलणे, असे त्याचे स्वरूप होते. काही शाळांत हे काम पदवीधर तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या पूर्णवेळ समुपदेशकाने केले. काही शाळांत तेच काम शाळेतील शिक्षकाकडे दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या प्रकारच्या शाळांत दंडेली, हिंसा आणि खिन्नता यांत लक्षणीय घट झाली, शाळेविषयीची आपुलकी वाढली. शिक्षकांच्या शाळांत काहीच बदल झाला नाही. शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यामागे अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या, आणि सकाळी गणित न आल्याबद्दल ज्याने रागे भरले, त्याच्यापाशी दुपारी मन मोकळे करणे कोणत्याही मुलाला जड जाणारच.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. २०२० साली सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानात पहिल्या टप्प्यातच २७२ जिल्हे होते. काम प्रचंड आहे, आणि सामूहिक शपथांचे आकडे गोळा करणे सोपे आहे. शतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्ताने एखाद्या ग्रंथालयाला वा त्याच्या आश्रयदात्यांना या कामी देणगी द्यावयाची असेल, तर स्पर्धेच्या पारितोषिकांऐवजी जवळच्या एका शाळेत दोन वर्षांसाठी एका प्रशिक्षित माणसाचे वेतन द्यावे, त्याला शिकविणाऱ्याच्या वरचेवर भेटींची तरतूद करावी, आणि काम सुरू होण्यापूर्वी मुलांची निनावी पाहणी करून घ्यावी. तशीच पाहणी शेजारच्या, काहीच न केलेल्या शाळेतही करावी. पहिल्या वर्षी अहवालात छायाचित्र छापण्याजोगे बहुधा काही हाती लागणार नाही. पाहणीतील पहिला आकडा शाळेच्या चालकांना आवडणारही नाही, आणि तो बाहेर फुटू नये म्हणून धडपड होईल. ती देणगी देण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलून ठेवण्याची गोष्ट आहे.