वस्तू जागच्या जागी



आपल्या बॅचमध्ये डॉक्टर झाले, शिक्षक झाले. मी सर्व्हर सांभाळतो. "तुझं काम सोप्या भाषेत सांग," असा संयोजकांचा आग्रह. म्हणून आमच्यातला एक जुना वाद सांगतो : ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या फायली संगणकात कुठे ठेवायच्या?

लिनक्समध्ये याची शिस्त आहे, १९९४ पासून लेखी मानकही आहे. प्रोग्रॅम '/यूएसआर'मध्ये, सेटिंग्ज '/ईटीसी'मध्ये आणि सतत बदलणारी मेलची रांग '/व्हार'मध्ये. घरात भांडी फडताळात, किल्ल्या खुंटीला आणि दूध-भाजी ओट्यावर, तसंच.

डॅनियल बर्नस्टीन यांच्या क्यूमेलची १.० आवृत्ती १९९७ साली आली. त्यात हे सगळं एकाच '/व्हार/क्यूमेल'मध्ये होतं. कुठल्याही यंत्रावर क्यूमेल त्याच जागी सापडावं, हा त्यांचा आग्रह. आणि त्यात तथ्य होतं. जागा बदलून तयार पॅकेज वाटायची मुभा नव्हती. म्हणून डेबियनने फक्त सोर्स कोड दिला. प्रोग्रॅम ज्याने त्याने बांधून घ्यायचा. २००७ साली बर्नस्टीन यांनी क्यूमेल सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा ही अट सुटली.

माझं मत मानकाच्या बाजूचं आहे. सुरक्षेसाठी अनेक जण '/व्हार'मधून प्रोग्रॅम चालवायला बंदी घालतात आणि '/यूएसआर' फक्त वाचण्यापुरतं ठेवतात. प्रोग्रॅमच '/व्हार'मध्ये असला, तर पहिलं कुलूप लावता येत नाही आणि दुसऱ्याचा त्याला उपयोग नाही.

वित्से व्हेनेमा यांच्या पोस्टफिक्सने जागा ही सेटिंगच ठेवली. डेबियन त्याचे आतले प्रोग्रॅम '/यूएसआर/लिब'मध्ये ठेवतं, रेड हॅट '/यूएसआर/लिबएक्झेक'मध्ये. भांडण नाही. जुने प्रोग्रॅम मात्र '/यूएसआर/लिब/सेंडमेल' हाच पत्ता शोधत येतात. तिथे खऱ्या प्रोग्रॅमकडे नेणारा दुवा ठेवा, असं मानक सांगतं. घर बदललं तरी जुन्या दारावर पाटी हवीच.

मित्रहो, मध्यरात्री मेल अडकली की ती सोडवायला येणारा माणूस बहुतेक वेळा सर्व्हर बसवणारा नसतो. लेखकाची सोय एका प्रोग्रॅमपुरती असते. त्या माणसाला अख्खं यंत्र सांभाळायचं असतं. म्हणून जागा ठरवताना शेवटचा शब्द त्याच्या सोयीचा असावा.