कुलाब्याची वेधशाळा आणि तिचा गोतावळा

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा उभारली, ती ग्रहताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. परंतु तिची कीर्ती झाली ती १८४१ पासून नियमित सुरू झालेल्या भूचुंबकत्वाच्या, म्हणजे पृथ्वीच्या अंगच्या चुंबकशक्तीच्या, मोजणीमुळे. ही मोजणी सुरू करणारे ऑर्लेबार एल्फिन्स्टन संस्थेत खगोलशास्त्र शिकवीत असल्यामुळे वर्ग आणि वेधशाळा यांत प्रारंभापासून जाणे-येणे राहिले.

त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे अवघे पंधरा-सोळा वर्षांचे असताना वेधशाळेत नोकरीला लागले. टांगलेल्या चुंबकाचे किंचितसे हलणे दुर्बिणीतून पट्टीवर वाचायचे, आकडा टिपायचा आणि ठरल्या वेळी पुन्हा तेच करायचे, असे ते चिकाटीचे काम होते. पुढे केरूनानांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ सिद्ध केला, पंचांगातील गणित आकाशाशी जुळलेच पाहिजे असा आग्रह धरला आणि पुण्यात टिळकांसारखे विद्यार्थी घडवले. कुलाब्याने महाराष्ट्राला दिलेले हे देणे कोणत्याही उपकरणाहून मोठे मानावे लागते.

केरूनाना पुण्याला गेल्यावरही नोंदींची शिस्त टिकली, म्हणूनच सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळाने भूचुंबकत्वात घडवलेली उलथापालथ कुलाब्याच्या वहीत उतरली, आणि त्या वादळाचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ आजही तिच्याकडे वळतात.

सूर्य डोक्यावर आला की मध्यान्ह, या हिशेबाने वेधशाळेत ठरणारी मुंबईची स्थानिक वेळ ही मात्र केवळ विद्वानांची बाब नव्हती. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली, ती या वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. डिलाईल रोडच्या चाळीतून गिरणीच्या भोंग्याबरोबर निघणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ तेवढी झोप गेली असाच होता, आणि त्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी या बदलाला उघड विरोध केला.

त्याच सुमारास विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या होत्या. त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला नेले. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांनी जुन्या आकड्यांची साखळी नव्या जागेशी जोडली. योगायोग असा की, केरूनानांचे जन्मगाव नागाव तेथून अगदी जवळ आहे.