माजी म्हणजे कोण?



परवा रात्रीच्या वर्गात एक ताई वर्तमानपत्र वाचत होत्या. वाचता वाचता त्या थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, माजी खासदार म्हणजे काय हो?"

आम्ही सांगितलं, "पूर्वी दिल्लीच्या लोकसभेत होता, आता नाही, तो माजी."

मागून एक जण म्हणाले, "म्हणजे खुर्ची गेलेला!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर ते हसणं आम्हाला टोचलं. का टोचलं, ते शेवटी सांगू. आधी माणूस माजी होतो कसा, ते पाहू.

पाडव्याला सालगड्याचं साल संपतं. पुन्हा ठेवायचा की नाही, ते मालक ठरवतो. लोकसभेचंही तसंच आहे. तिथलं साल ५ वर्षांचं. पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हापासून शेकडो सभासद आले आणि गेले. त्यांना ठेवणारा मालक कोण? तुम्ही. तुमचं एक मत.

हे मत कोणालाही घरी बसवू शकतं. १९७७ साली इंदिरा गांधी देशाच्या पंतप्रधान होत्या. रायबरेलीच्या मतदारांनी त्यांना पाडलं. एका दिवसात त्या माजी झाल्या. पुढे १९८० साली लोकांनीच त्यांना पुन्हा पंतप्रधानपदावर नेलं. पाडणारे लोक आणि निवडणारेही लोकच.

आता तुम्ही म्हणाल, लोक चांगल्या माणसालाही पाडतात का? होय, पाडतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाला मत द्यावं, असं ते कळकळीने सांगत आले. घटनेने ते मत दिलं. आणि त्याच मताने १९५२ साली मुंबईत त्यांचा पराभव झाला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आलं नाही. ते राज्यसभेत गेले, पण निवडणूक जिंकून लोकसभेत कधी गेले नाहीत. म्हणून त्यांचं मोठेपण कमी झालं का? तिळभरही नाही.

दुसरं उदाहरण कोकणातलं. प्राध्यापक मधु दंडवते राजापूर मतदारसंघातून १९७१ पासून ५ वेळा निवडून आले. १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री होते. तेव्हा दुसऱ्या वर्गात लाकडी फळीवर झोपावं लागे. त्या फळीवर मऊ गादी बसवायला त्यांनी सुरुवात केली. गरीब माणसाच्या पाठीची काळजी त्यांनी केली. कोकणात रेल्वे यावी म्हणूनही ते झटले. पण १९९१ साली ते पडले. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग १९९८ साली सुरू झाला, तेव्हा ते माजी खासदार होते. खासदारकी गेली. गाडी मात्र आजही धावते आहे. काम माजी होत नाही.

आता आमची गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेचे हेडमास्तर होतो. आमच्या भागाचे खासदार शाळेत येणार म्हटलं, की आम्ही कमानी उभारायचो, लेझीम ठेवायचो. मुलं दोन-दोन तास उन्हात उभी राहायची. पुढे ते गृहस्थ निवडणुकीत पडले. वर्षभराने एकटेच एस. टी.तून उतरून शाळेत आले. आम्ही हजेरीपट तपासत होतो. शिपायाला म्हणालो, "बसू दे बाहेर."

अर्धा तास ते बाहेर बाकावर बसले. आत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "गुरुजी, त्या दोन खोल्या आपण बांधल्या, त्या पावसात गळतात का?"

त्या खोल्या त्यांनीच मंजूर करून आणल्या होत्या. आम्हाला मान वर करवेना. आम्ही इतके दिवस माणसाला हार घातलेच नव्हते. खुर्चीला घातले होते.

म्हणून मंडळी, दोन गोष्टी मनात ठेवा. जो खुर्चीवर आहे, त्याच्यासाठी पोरांना उन्हात उभं करू नका. आणि जो उतरला, त्याला बाहेर बसवू नका. मत देताना भीड धरू नका. काम पाहा. ज्याने काम केलं नाही, त्याला खुशाल पाडा, तो तुमचा हक्क आहे. पण ज्याने काम केलं, तो पडला तरी त्याचं काम विसरू नका.

तुमच्या भागातले एखादे माजी खासदार कधी दारात आले, तर त्यांना आत बोलवा. पाणी द्या. मग विचारा, "पाच वर्षांत काय केलंत?" ज्याने केलं आहे, त्याला हा प्रश्न आवडेल.