डोळ्यातले कुसळ आणि फोन



एसटी बंद होती, अन् २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. त्याच दिवशी टेलिमेडिसिनची सरकारी नियमावली निघाली. डॉक्टरांना फोनवर, व्हिडिओवर रुग्ण तपासायला रीतसर मुभा मिळाली. पण पालमच्या वस्त्यांवर स्मार्टफोन कुणाकडे, अन् रेंज कुठे? मधला माणूस लागतोच. ते काम आमच्याकडे आले.

मळणीत एका मावशींच्या डोळ्यात गव्हाचे कुसळ गेले. (कुसळ म्हटले की आपल्याला मुसळच आठवते!) मी बॅटरी धरली, सोबतच्या पोराने फोन. बुबुळावर पांढरा ठिपका. डॉक्टरांनी पहिले विचारले, “थेंब कोणते घालता?” शेजारणीने दिलेली बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. त्यात स्टिरॉइड होते. काडीकचऱ्याच्या जखमेत बुरशी धरली, तर अशा थेंबांनी ती आणखी पसरते.

“हे बंद. उद्या नको, आजच पाठवा.”

पास काढला, जीप मिळाली. डोळा वाचला, नजर थोडी अंधूक राहिली.

मोतीबिंदू मात्र फोनवर निघत नाही, काचबिंदूचा दाबही मोजता येत नाही. अशा म्हाताऱ्यांची नावे वहीत लिहून ठेवली. गाड्या सुरू झाल्यावर त्याच वहीतून एकेकाला नेले.