दाव्याचा प्रकार मागणीवरून ठरतो

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील न्यायालयांत दिवाणी दाव्याच्या क्रमांकाआधी रे.मु. किंवा स्पे.मु. अशी अक्षरे असतात; रे.मु. म्हणजे कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढील नियमित मुकदमा, आणि दाव्याचे मूल्य त्यांच्या मर्यादेपलीकडे गेले की तोच विषय स्पे.मु., म्हणजे विशेष मुकदमा, म्हणून वरिष्ठ स्तराकडे जातो. ही विभागणी मूल्याची झाली. पक्षकारांचे नुकसान होते ते दुसऱ्या, म्हणजे स्वरूपावरून होणाऱ्या विभागणीत. पक्षकार बांधाच्या भांडणाची हकिकत सांगतो, परंतु दावा वाटपाचा, ताब्याचा, मनाईचा की हक्क जाहीर करून मागण्याचा, हे न्यायालयाकडे काय मागितले आहे यावरून ठरते.

तासगावच्या बेदाणा सौद्यात एकाच बागेतील माल रंग व आकारानुसार निवडून वेगवेगळ्या पेट्यांत भरतात, आणि पेटीवरची चिठ्ठी काहीही सांगत असली तरी भाव आतला माल पाहूनच ठरतो; त्याचप्रमाणे मथळ्यावर ‘मनाई’ लिहिले असले तरी न्यायालय संपूर्ण वादपत्र वाचते, आणि काळा माल हिरव्याच्या पेटीत निघाल्यावर जसा साऱ्या पेटीचा भाव उतरतो, तशी चुकीच्या मागणीने वादीची खरी बाजूही दुबळी होते. ताबा आधीच गेलेला असताना केवळ मनाई मागणे व्यर्थ आहे; ताबा असून मालकीवरच गंभीर वाद असेल, तर हक्क जाहीर करण्याची मागणीही जोडावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली अनाथुला सुधाकर खटल्यात स्पष्ट केले आहे.

मुदतही प्रकाराबरोबर बदलते. मालकीच्या आधारे ताबा मागण्यास 12 वर्षे आणि हक्क जाहीर करून घेण्यास साधारणपणे 3 वर्षे मिळतात, तर मालकी न तपासता, बेकायदा हिसकावलेला ताबा परत मागण्यास अवघे 6 महिने. म्हणून पुन्हा सांगणे आवश्यक आहे की प्रकार भांडणावरून नव्हे, मागणीवरून ठरतो.

प्रकारानुसार पुढची प्रक्रियाही बदलते. वाटपाच्या दाव्यात न्यायालय हिस्से ठरवते, परंतु सारा आकारलेल्या शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी करतो. म्हणून वाई, कराड, विटा, जत येथील श्रोत्यांनी वादपत्रावर सही करण्यापूर्वी शेवटचे मागणीचे कलम वकिलांकडून वाचून घ्यावे आणि त्यात नेमके काय मागितले आहे, हे विचारावे.