भांबुर्डे नावाचे स्टेशन

माझ्या आजीने शेवटपर्यंत ‘शिवाजीनगर’ हे नाव तोंडात घेतले नाही. लोणावळ्याहून येताना गाडी मंदावली, की पिशव्या सावरत ती म्हणायची, ‘उठा रे, भांबुर्डा आला.’ आम्हा नातवंडांना हसू यायचे.

मुठेच्या पश्चिम काठावरचे हे जुने गाव. शिरोळे पाटलांचे, रोकडोबाचे. आठव्या शतकाच्या सुमारास एकाच खडकात कोरलेले पाताळेश्वरही याच्याच शिवारातले. पुणे म्हणजे नदीपलीकडचे शहर. बाजाराला जायचे आणि दिवस कलायच्या आत परतायचे.

१८५८ साली खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला. बोरघाटातला रूळ मात्र १८६३ पर्यंत रखडला, त्यामुळे तोवर मुंबईच्या प्रवाशाला घाट पालखीत किंवा तट्टावर बसून ओलांडावा लागे. भांबुर्ड्याला स्टेशन लाभले, त्यावर गावाचेच नाव लागले. खेडेगावाचे नाव वेळापत्रकात छापले जाते, याचा अभिमान केवढा असेल!

मग शहरच नदी ओलांडून आले. इंजिनीअरिंग कॉलेज, शेतकी कॉलेज, कोर्ट, बंगले. १९२१ साली इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते येथे शिवस्मारकाची कोनशिला बसली आणि १९२८ साली शिल्पकार करमरकरांचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. पुढे वस्ती आणि स्टेशन, दोन्ही शिवाजीनगर झाली. या नावाविषयी कोणाची तक्रार असणार? आजीचीही नव्हती. जुने नाव पुसले गेले, एवढीच तिची खंत.

गंमत अशी, की १९५० साली स्थापन झालेल्या पुणे महापालिकेची मुख्य इमारतही नदीच्या याच काठावर आहे. म्हणजे गाव शहरात गेले, की शहराचा कारभार गावात आला? आपले आकाशवाणी केंद्रही शिवाजीनगरातच, तेव्हा मीही पक्षपाती ठरेन! २०२३ पासून इथे भुयारातून मेट्रो धावते. तिच्या पाटीवरही शिवाजीनगरच.

भांबुर्डा उरला तो टेकडीवरच्या वनविहाराच्या नावात आणि जमिनीच्या दप्तरात. आजीच्या माघारी घराची वाटणी करायची होती. कागद घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. तरुण कारकुनाने ते उलटेपालटे केले आणि विचारले, ‘काका, हे मौजे भांबुर्डे कुठल्या तालुक्यात येते?’

खिडकीबाहेर लोकलचा भोंगा वाजला. मी म्हटले, ‘बाळा, तुझी खुर्ची त्याच गावात आहे.’

त्याने तालुक्यापुढे ‘हवेली’ लिहिले आणि पुढचा कागद मागितला.